पाथरोंड्याच्या लेण्यातली करंगळी

"मुलांनो, इतिहास तुमची वाट पाहतोय! गेली दोन हजार वर्षं तो जागचा हललेला नाही!" सौमित्र सरांनी भोंग्यातून जाहीर केलं.

इतिहास हलला नव्हता, पण रेवसची लाँच हलली होती. भाऊच्या धक्क्यापासून ती चांगली पन्नास हात दूर गेली होती आणि मागे वळून पाहायलाही तयार नव्हती.

"सर, ती आपली लाँच होती का हो?" उन्मेषनं अदबीनं विचारलं.

"ती आधीची होती," सर म्हणाले. "आपली पुढची."

पुढची तासाभरानं होती. तेवढ्या वेळात सरांनी चौदा मुलांकडून मानेचे व्यायाम करून घेतले. मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. एक म्हणाली, "काय गो, पोरांच्या माना लचकल्या की काय?"

दिवाळीची सुट्टी होती. 'चक्रधर सायकल मंडळा'नं मुलांसाठी 'मार्गदर्शित सायकल सफर' काढली होती आणि सौमित्र सर तिचे गाइड होते. लाँचनं रेवसला जायचं, तिथून गावागावांतून सायकली हाणत पाथरोंड्याला, प्राचीन बौद्ध मठ बघायचा आणि संध्याकाळी परत. मठ म्हणजे डोंगरात कोरलेली लेणी, असा खुलासा पत्रकात खाली बारीक अक्षरात होता.

परळच्या एका शाळेतली, सातवीतली तिघं या सफरीला आली होती. लालबागची अंबिका, दादरचा उन्मेष आणि नायगावचा राजरत्न. अंबिकाचे बाबा गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार होते. उन्मेषचे बाबा कुठल्याशा कचेरीत होते आणि उन्मेष स्वतः कायम मोबाइलमध्ये होता. राजरत्नच्या घरची मंडळी नुकतीच चाळीतल्या खोलीतून नव्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर राहायला गेली होती.

लाँच सुटली. सायकली कठड्याला बांधून झाल्या. राजरत्ननं पिशवीतून सरबताची रिकामी काचेची बाटली काढली आणि पुन्हा नीट ठेवली. बाटलीला पायमोजा घातलेला होता.

"बाटलीला थंडी वाजते काय रे?" उन्मेष म्हणाला.

"फुटू नये म्हणून. आजीला पाणी न्यायचंय."

"चौदाव्या मजल्यावर पाणी चढत नाही? कम्प्लेंट कर ना यार!"

"चढतं रे. हे पोढीचं पाणी. पोढी म्हणजे लेण्याजवळचं खडकात खोदलेलं टाकं. आजीचं माहेर पाथरोंडंच. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू द्यायचे नाहीत. मग सगळे डोंगर चढून पोढीवर जायचे. आजी म्हणते, भिक्खूंनी टाकं खोदलं, पण कुणी प्यायचं नाही ते लिहून ठेवायला विसरले."

उन्मेषनं मोबाइल खिशात ठेवला. असं क्वचितच व्हायचं.

"काठावर म्हणे दोन वाट्या पडल्यात," राजरत्न पुढे म्हणाला. "दोन हजार वर्षं माणसं गुडघे टेकून पाणी पितायत ना, त्यांच्या गुडघ्यांच्या. लहानपणी आजीचे गुडघे त्यात बरोब्बर बसायचे. आता ब्याऐंशीची आहे, डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्यात. मला म्हणाली, तू बघून ये आणि एक बाटली आण. डोळ्यांना लावीन. मी शब्द दिलाय."

"मग आणू या की!" अंबिका म्हणाली. "त्यात काय!"

रेवसला उतरल्यावर सफर सुरू झाली. पुढे सर. त्यांची सायकल विजेवर चालायची. गाइडला बोलायला श्वास लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मागे चौदा मुलं स्वतःच्या पायांवर. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. चढ आला की सर मागे वळून भोंग्यातून ओरडत, "जोर लावा! माझ्याकडे बघा, दम लागलाय का मला?"

एका वळणावर त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "तो पाहा! डावीकडे! प्राचीन स्तूप! अर्धगोलाकार! त्या काळच्या बांधणीचा उत्तम नमुना!"

स्तूपावर एक बाई उभी होती. ती वरूनच ओरडली, "ओ दादा, पेंढा हाय तो! आजच रचलाय!"

"परंपरा अजून जिवंत आहे," सर न डगमगता म्हणाले आणि सायकलचं बटण दाबून पुढे निघून गेले.

पाथरोंड्याला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. समोर कमान होती, 'तात्यांचा निसर्ग रिसॉर्ट'. कमानीखाली खुद्द तात्या, हातात कोकम सरबताचे पेले. "या, या! आधी लेणी, मग जेवण! लेणी हितंच आहेत, जेवणाच्या हॉलच्या मागं."

"पण आजी म्हणाली होती, दोनशे पायऱ्या आहेत," राजरत्न म्हणाला.

लेण्यापुढे दहा पायऱ्या होत्या.

"झिजल्या असतील," सर म्हणाले.

"एकशे नव्वद?"

"इतिहासात काहीही झिजतं, बाळ."

लेणं मात्र झकास होतं! आत गारवा, उंच कोरीव खांब, ओळीनं ध्यानाला बसलेले बारा दगडी भिक्खू, प्रत्येकाचा उजवा हात आशीर्वादाला वर आलेला. मागच्या भिंतीशी पोढी. पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसावा.

"दोन हजार वर्षांचं पाणी!" सरांचा आवाज भोंग्यातून घुमला. "भरून घ्या!"

राजरत्न काठाशी गुडघे टेकून बसला. त्यानं काठ हातानं चाचपला. एकदा, दोनदा. काठ सपाट होता.

"वाट्या नाहीत," तो हळूच म्हणाला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आजी लहान होती तेव्हा. विसरली असेल." त्यानं बाटली तोंडापर्यंत भरली, बूच घट्ट लावलं आणि वर पायमोजा चढवला.

"स्विमिंग पूलसारखा वास येतोय ना?" उन्मेष पुटपुटला.

अंबिकाचं लक्ष नव्हतं. ती खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या काळ्या टीशर्टच्या खांद्यावर पांढरी भुकटी उतरली होती. तिनं भुकटी बोटावर घेतली. चोळली. हा स्पर्श तिला ओळखीचा होता. ती रांगत होती तेव्हापासूनचा होता. तिनं बोटाच्या पेरानं खांबावर टकटक केलं.

खांब ढबढब वाजला. आतून पोकळ!

खालच्या बाजूला रंगाचा टवका उडाला होता आणि त्यातून तपकिरी केसांसारखं काहीतरी बाहेर डोकावत होतं. काथ्या! प्लॅस्टरमध्ये नारळाचा काथ्या घालतात, म्हणजे तडा जात नाही. लालबागच्या कारखान्यात भिजवलेल्या काथ्याचे ढीग तुडवत ती मोठी झाली होती. दगडात काथ्या उगवल्याचं मात्र तिनं कधी ऐकलं नव्हतं.

ती जवळच्या भिक्खूकडे वळली. त्याचा आशीर्वादाचा हात तिनं निरखून पाहिला.

हात गुबगुबीत होता. भिक्खूच्या मानानं फारच गुबगुबीत. आणि करंगळी टोकाला जराशी बाहेर वळलेली होती. कारखान्यातल्या गणपतीच्या हाताच्या साच्याला त्या जागी खोट होती. दर वर्षी बाबा ती करंगळी कानशीनं घासून सरळ करत आणि दर वर्षी म्हणत, "पुढच्या वर्षी साचो बदलूक व्हयो." इथे घासायला कुणाला वेळ मिळाला नव्हता. बाराही भिक्खूंच्या करंगळ्या बाहेर वळलेल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी कसल्याशा शूटिंगचं काम घेतलं होतं!

सांगावं की नाही? राजरत्न बाटली पोटाशी धरून उभा होता. गप्प बसलं तर तो हे नळाचं पाणी घरी नेईल आणि आजी ते डोळ्यांना लावील. सांगितलं तर हात बाबांचा, हेही सांगावं लागणार.

"राजा," ती म्हणाली, "ओत ते पाणी."

"का?"

"हे लेणं खोटं आहे. प्लॅस्टरचं. शूटिंगचा सेट आहे हा. आणि हे हात... हे आमच्या कारखान्यातले आहेत. माझ्या बाबांनी केलेत."

राजरत्न चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाटलीचं बूच काढलं आणि सगळं पाणी पोढीत परत ओतलं. मग विचारलं, "खरं कुठंय?"

खरं कुठंय ते जेवताना कळलं. स्वयंपाकघरामागे झाडीत एक पाटी होती, 'पुढे साप आहेत. आज्ञेवरून.' पाटीमागून दगडी पायऱ्या वर गेल्या होत्या.

"सापांनीच आज्ञा काढलीय वाटतं," उन्मेष म्हणाला. "पण जायचं कसं? सर दर अर्ध्या तासानं मोजतात."

"मुलं मोजतात की हेल्मेटं?" अंबिकानं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर हेल्मेटं मोजत!

जेवणानंतर लेण्यात ध्यानाचं सत्र होतं. मुलांनी डोळे मिटून बसायचं आणि सरांनी मागे आरामखुर्चीत बसून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. सत्र सुरू झालं तेव्हा शेवटच्या रांगेतल्या तीन भिक्खूंच्या डोक्यांवर हेल्मेटं होती. सरांनी मोजली. चौदा भरली. समाधानानं त्यांनी डोळे मिटले आणि मुलांच्या आधी त्यांनाच ध्यान लागलं. ते घोरण्यावरून समजलं.

तिघं पाटी ओलांडून पळाली.

राजरत्न पायऱ्या मोजत होता. दोनशे बारा भरल्या. साप एकही भेटला नाही. कदाचित त्यांनाही चढ नको असावा.

खरं लेणं लहान होतं, काळपट आणि बुटकं. त्यात ना मूर्ती होत्या, ना कोरीव खांब. भिक्खू जिथे झोपत त्या दगडी बाकांवर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे रचले होते. एका कोठडीत कागदी फुलांची कमान होती. तिच्यावर 'हॅप्पी बर्थडे' लिहिलेलं होतं.

"गोडाऊन केलंय!" उन्मेष ओरडला आणि फटाफट फोटो काढायला लागला.

राजरत्न बाहेर उजवीकडे पोढीपाशी गेला होता. अंबिका पोचली तेव्हा तो काठाशी गुडघे टेकून बसला होता. काठावर दोन वाट्या होत्या, गुळगुळीत, जवळजवळ. त्याचे गुडघे त्यात बरोब्बर बसले होते.

पण समोर पाणी नव्हतं. काठापर्यंत पांढराशुभ्र, टणक, पसरट दगड होता.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

अंबिकाला बघताक्षणीच समजलं होतं. सेट बांधताना सामान या गोडाऊनमध्ये ठेवलं असणार आणि प्लॅस्टरची उरलेली पोती नंतर कुणीतरी पोढीत रिकामी केली होती. खाली वाहून नेण्याचा कंटाळा आला असेल.

"प्लॅस्टर. पाण्यात पडलं की घट्ट होतं."

"मग फोडू या की! दगड घे!" उन्मेष म्हणाला.

"नको! जोरात ठोकलंस तर काठाचा खडकही जाईल. वाट्या जातील." तिनं त्याचा हात अडवला. "याला महिने लागतात रे. छिन्नीनं, एकेक टवका काढत. बाबांसारखं कुणीतरी लागतं."

पलीकडच्या कोपऱ्यात मात्र वीतभर फट राहिली होती. राजरत्न पालथा झोपला आणि बाटली धरलेला हात खांद्यापर्यंत आत घातला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बुडबुड आवाज झाला. बाटली अर्धी भरून बाहेर आली. पाणी दुधासारखं पांढुरकं होतं.

"आजी म्हणायची, तळातली वाळू मोजता येते," राजरत्न म्हणाला. त्यानं बूच लावून वर पायमोजा चढवला.

खाली सत्र संपत आलं होतं. तिघं मागच्या रांगेत शिरली तेव्हा सर जागे होऊन समारोप करत होते. "वादळं आली, राज्यं गेली! पण या मूर्तींना काही झालं? दोन हजार वर्षं अभंग!"

अंबिका आपलं हेल्मेट भिक्खूच्या डोक्यावरून काढायला गेली. पट्टा अडकला. तिनं ओढला आणि भिक्खूचा हात मनगटापासून निखळून तिच्या हातात आला.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"मोडतोड!" दारातून तात्या गरजले. "ऐतिहासिक ठेव्याची मोडतोड! पोलिसांनाच बोलावतो!"

"बोलवा!" अंबिका म्हणाली. ती आता कुणाला घाबरत नव्हती. "त्यांना हेही दाखवू. यात काथ्या कसा, काका? आणि आतल्या बाजूला पेन्सिलीनं 'उजवा, नऊ नंबर' लिहिलंय. हे माझ्या बाबांचं अक्षर आहे! माझे बाबा दोन हजार वर्षांचे नाहीत!"

मुलांमध्ये हशा पिकला. एकानं खांब वाजवून पाहिला. मग सगळ्यांनीच वाजवले. लेण्यात ढोलपथक शिरल्यासारखं वाटलं.

तात्या चक्क हसले. "अहो, लोकांना चढ नको असतो. वर नेलं तर निम्मे रडतात, उरलेले जेवण गार झालं म्हणून भांडतात. मी इतिहास खाली आणून ठेवला. सावली दिली. पंखा दिला. माझं चुकलं काय?"

"सर," उन्मेषनं विचारलं, "तुम्ही किती वेळा आलात इथे?"

"ही एकेचाळिसावी सफर."

"आणि वर किती वेळा गेलात?"

सरांनी भोंगा खाली ठेवला. "माझा गुडघा..." ते म्हणाले.

उन्मेषनं तोवर खालच्या आणि वरच्या लेण्याचे फोटो शेजारी शेजारी लावून मंडळाच्या ग्रुपवर टाकले होते. त्यात सगळ्यांचे आईबाप होते. रेवसला लाँचमध्ये बसेपर्यंत सरांचा फोन छत्तीस वेळा वाजला. त्यांनी एकदाही उचलला नाही. भोंग्याशिवाय बोलायची त्यांना सवय राहिली नसावी.

अंबिकाला घ्यायला बाबा भाऊच्या धक्क्यावर आले होते. तिनं पिशवीतून भिक्खूचा हात काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी करंगळीवरून अंगठा फिरवला.

"अगो, शूटिंगवाल्यांनी बारा भिक्षू मागल्यानी. वेळ नाय होतो. हात गणपतीचेच लावलंय. माका काय ठावक, लोक तेंका खरे म्हणान दाखवतले!" मग पोढीबद्दल ऐकलं आणि त्यांनी तो हात परत पिशवीत ठेवला. "छिन्नी घेऊन जातंय मी," ते म्हणाले. "माझोच माल आसा तो."

चौदाव्या मजल्यावर आजीनं बाटली दोन्ही हातांत धरली आणि उजेडाकडे नेली.

"वाट्या आहेत, आजी. माझे गुडघे बसले."

"बसले ना? मग झालं." बाकीचं सगळं तिनं ऐकून घेतलं. बाटलीकडे बघत ती म्हणाली, "गढूळ आहे. रातभर निवळू दे. सकाळी आंघोळ करून लावते डोळ्यांना."

सकाळी आंघोळीआधी एक सरकारी साहेब आले. बातमी सगळीकडे पसरली होती आणि कुठल्याशा खात्याला जाग आली होती. साहेबांनी राजरत्नची पाठ थोपटली, फोटो काढून घेतला आणि बाटली मागितली.

"पुरावा आहे हा. तपासणीला जाईल."

"परत कधी मिळेल?" राजरत्ननं विचारलं.

"तपासणी झाली की." त्यांनी बाटलीला लाख लावली, चिठ्ठी डकवली आणि पायमोजा तेवढा परत दिला.

महिनाभरानं नायगावच्या सभागृहात सत्कार झाला. तिघांना प्रशस्तिपत्रं मिळाली. "जिज्ञासू", "निर्भय", "उद्याचे आधारस्तंभ", असं बरंच काही कानावर पडलं. सौमित्र सरही बोलले. मुलांना स्वतः सत्य शोधता यावं, म्हणून आपण एकेचाळीस सफरींमध्ये ते कसं कटाक्षानं सांगितलं नाही, हे त्यांनी उलगडून दाखवलं. टाळ्या पडल्या. तात्यांनी बिनशर्त दिलगिरीचं पत्र आणि कोकम सरबत पाठवलं होतं.

अंबिकाचे बाबा छिन्नी घेऊन दोनदा पाथरोंड्याला जाऊन आले होते. दोन्ही वेळा त्यांना फाटकातून परत पाठवलं गेलं. त्यांच्याकडे छिन्नी होती, पत्र नव्हतं. ते शेवटच्या रांगेत बसले होते.

मग साहेब उठले. "आज जाहीर करताना मला अभिमान वाटतो! पाथरोंड्याची लेणी आता राष्ट्राची आहेत! पोढीला कुंपण घातलंय, फाटकाला कुलूप लावलंय. तज्ज्ञ समिती नेमलीय, ती टप्प्याटप्प्यानं साफसफाई करील. त्या पाण्याच्या एका थेंबालाही यापुढे कोणी हात लावू शकणार नाही! ज्यांना जवळून दर्शन घ्यायचंय, त्यांनी रीतसर लेखी अर्ज करावा. दोन प्रती, ओळखपत्रासह. कोणीही करू शकतं! अगदी कोणीही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजरत्ननं टाळ्या वाजवल्या नाहीत. अंबिकानं वाजवायला सुरुवात केली होती, पण त्याच्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

आजींना व्यासपीठावर आणलं गेलं. एका बाजूनं राजरत्ननं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं अंबिकानं. साहेबांनी शाल घातली, वाकून नमस्कार केला आणि माइक त्यांच्या तोंडापाशी धरला.

"आजी, या पोढीच्या तुम्ही खऱ्या साक्षीदार! आज सगळे तुमच्यापुढे उभे आहोत. मागा, काय हवं ते मागा!"

आजींनी शाल सारखी केली. साहेबांच्या खिशाकडे नीट पाहिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तेवढं पेन देता का जरा? दोन प्रती लिहायच्यात."